इंदिरानगरचा गुलमोहर: आधी छाटणी, मग तोड

हे प्रकरण नाशिकमधल्या एका घराचं आहे. नावं आणि नेमका पत्ता वगळला आहे, बाकी क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. झाडांची पाहणी करून सल्ला देणं हे आमचं काम, त्या नात्याने आम्ही यात आलो.

पार्श्वभूमी

इंदिरानगरमधला जुना रो-बंगला. घर 1993 साली बांधलं आणि त्याच पावसाळ्यात घरच्या मालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, पुढच्या मोकळ्या जागेत, कंपाउंडच्या भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर, गुलमोहराचं रोप लावलं. तेव्हा कॉलनीत सावली नव्हती आणि गुलमोहर लवकर वाढतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती पसरतो याचा विचार तेव्हा कोणी करत नसे. मादागास्करहून आलेलं हे झाड छत्रीसारखं आडवं फैलावतं, मुळं वरच्यावर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असतं. भिंतीपासून चार फूट ही त्याची जागाच नव्हे. पण हे तीस वर्षांनी सांगणं सोपं आहे.

घराच्या पश्चिमेला रस्ता. रस्त्याच्या कडेने विजेच्या तारा. त्यामुळे त्या बाजूच्या फांद्या दर पावसाळ्याआधी उडवल्या जायच्या. उरलेल्या बाजूची छाटणी घरचेच करून घ्यायचे. दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात कोयता, कुऱ्हाड आणि दोर घेऊन फिरणारे दोघे-तिघे यायचे, झाडाचं मुंडण करून जायचे. काकांचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. त्यांच्या डोक्यात छाटणीचं गणित पक्कं होतं: एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, जितकं कापाल तितकं जोमाने फुटतं. त्यांनी आम्हाला पहिल्याच भेटीत ऐकवलं, "झाडाला कापल्याशिवाय ताकद येत नाही."

वेलीच्या बाबतीत ते खरंच आहे. फक्त वेलीचं ओझं मांडवाच्या तारा उचलतात. गुलमोहराच्या खुंटातून फुटलेली फांदी पाच वर्षांत मांडीएवढी होते आणि तिला धरायला तार नसते.

आणखी दोन गोष्टी मधल्या काळात झाल्या. पुढच्या अंगणात मुरूम आणि माती टाकून पातळी वाढवली, वर पेव्हर ब्लॉक बसवले, अगदी खोडाला भिडवून. मग एका उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेने पाइप टाकायला चर खणला गेला. भिंतीच्या बाहेर दोन हातांवर. त्या वेळी जेसीबीच्या बकेटला मनगटाएवढी मुळं लागून आली होती, हे काकूंना आठवत होतं. "पुरणपोळीचा दिवस होता, म्हणून लक्षात राहिलं," असं त्या म्हणाल्या. बाकी कोणाच्या ते डोक्यातही नव्हतं.

अडचण

2023 च्या मे महिन्यात संध्याकाळी वळिवाचा पाऊस आला. पाऊस थोडा, वारा फार. शेजारच्या अंगणात उभ्या असलेल्या कारवर गुलमोहराची एक जाड फांदी आली. काच फुटली, टप दबलं. सुदैवाने गाडीत कोणी नव्हतं.

गाडीचं नुकसान विम्यातून निघालं, कारण शेजाऱ्यांचा विमा सर्वसमावेशक होता आणि त्यात वादळाचं नुकसान धरतात. भांडण पैशांचं नव्हतंच. शेजाऱ्यांची मुलगी रोज संध्याकाळी त्याच जागी सायकल चालवायची. "काका, झाडावर माझा राग नाही. पण आता हे झाड राहिलं तर मला झोप लागणार नाही," असं ते म्हणाले आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

काकांचा पुतण्या म्हणाला, तोडून टाका. काकू म्हणाल्या, तोडायचं नाही. काका म्हणाले, मुंडण करा, दोन वर्षं बघायला नको. झाडं कापणाऱ्याला बोलावलं तर त्याने दोन भाव सांगितले: लाकूड त्याने नेलं तर सात हजार, लाकूड घरी ठेवलं तर बारा. आणि म्हणाला, रविवारी सकाळी उरकू, त्या दिवशी कोणी बघायला येत नाही.

या दोन भावांवर जरा थांबायला हवं. कापलेलं लाकूड ज्याच्या मजुरीचा भाग असतं, त्याचा फायदा जाड फांद्या कापण्यात असतो. बारीक, वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायला वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणजे झाडाला जे हवं त्याच्या बरोबर उलट काम स्वस्तात पडतं. कापणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, सौदाच तसा ठरलेला असतो.

"रविवारी" या शब्दाने मात्र पुतण्या सावध झाला. नागरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. आपल्या अंगणातलं, आपण लावलेलं झाड असलं तरी. बेसुमार मुंडणसुद्धा यात सापडू शकतं. तेव्हा त्याने आम्हाला फोन केला.

पाहणी

पडलेल्या फांदीचा बुंधा काकांनी जपून ठेवला होता, ते बरं झालं. तो टाचेसारखा तिरका सुटून आला होता. जिथे फांदी खोडातून आत रुजलेली असायला हवी, तिथे वरवरची बोटभर जाडीची साल-लाकडाची चकती आणि आत तपकिरी, नखाने खरवडता येईल असा भुसा. जुन्या मुंडणात ठेवलेल्या खुंटातून ती फुटली होती. खुंट आतून कुजत गेला आणि फांदी कडेच्या नव्या लाकडावर लटकून वाढत राहिली. अशा आणखी सात-आठ फांद्या झाडावर होत्या, त्यातल्या तीन शेजाऱ्यांच्या बाजूला.

झाड जखम भरून काढत नाही, ती आतल्या आत कोंडतं. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी 1970 च्या दशकात हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. जखमेभोवती झाड भिंती उभारतं, नवं लाकूड बाहेरून चढवतं, जुनं कुजलेलं तसंच आत राहतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, कोंडण्याची ताकद त्या कड्यात असते. कड्याच्या बाहेर, खुंट न ठेवता कापलं तर जखम मिटते. कडं कापून खोडाला सपाट केलं तर नाही, आणि हातभर खुंट ठेवला तर मुळीच नाही. गुलमोहर या कामात कच्चा आहे. कडुनिंब जे निभावून नेतो ते त्याला झेपत नाही.

मग वजनाचं. पश्चिमेच्या फांद्या तारांपायी वर्षानुवर्षं गेलेल्या, म्हणून सगळा पसारा पूर्वेला आणि दक्षिणेला, म्हणजे घरावर आणि शेजाऱ्यांवर. पावसाळी वारा नाशिकला पश्चिमेकडून येतो आणि तो झाडाला पूर्वेकडे, पसाऱ्याच्याच दिशेने ढकलतो. अशा वेळी झाडाला मागून ओढून धरायचं काम पश्चिमेच्या मुळांचं. तीच मुळं चरात तुटली होती.

हे समजल्यावर आम्ही म्हटलं, बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून बघू. काकांनी नकार दिला. फरशी नवी होती, गटाराचा उतार तिच्यावर बसवलेला होता आणि त्यांच्या मते दुखणं वर होतं. "पडली फांदी, आणि तुम्ही जमीन काय खणता?" लाकडी हातोडीने बुंध्याला ठोकून पाहिलं. घराच्या बाजूने आवाज टणक आला, रस्त्याच्या बाजूने जरा बसका. पण बुंध्याचा अर्धा फूट मातीखाली होता, तिथवर हातोडी पोचत नव्हती. झाडाचं खोड जमिनीत शिरताना पायासारखं रुंद व्हायला हवं, इथे ते खांबासारखं सरळ आत जात होतं. भराव टाकलेल्या झाडाची ही सगळ्यात सोपी खूण, घरबसल्या कोणालाही दिसेल अशी.

समोरचे पर्याय

तोडणं: धोका संपतो. पण परवानगीला वेळ लागतो, पावसाळा दारात होता, आणि मुळांबद्दल अजून पुरावा नव्हता. शिवाय 2021 मध्ये कायद्यात बदल झाल्यापासून तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची अट आहे. म्हणजे इथे तीस. यावर घरात एक मजेशीर वाद झाला. पुतण्या म्हणाला, वय पंधरा लिहू. काकू म्हणाल्या, घराच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर साल आहे, आणि मी लावलेल्या झाडाचं वय मी चोरणार नाही.

मुंडण: सगळ्यात स्वस्त, दोन वर्षं शांतता. पण ज्या कारणाने फांदी पडली तेच कारण पुन्हा पेरायचं. पानं एकदम गेली की झाड साठवलेल्या अन्नावर जगतं आणि मुळं उपाशी पडतात. इथे मुळं आधीच जायबंदी.

टेकू किंवा तारेचा आधार: पुतण्याने व्हिडिओ पाहून सुचवलं होतं. दोन फांद्यांच्या बेचक्याला पोलादी दोराने बांधता येतं, तिथे ते चालतं. पाया हलत असेल तर फांद्या एकमेकींना बांधून काय उपयोग?

विरळणी आणि आवाका कमी करणं: वाळकं काढायचं, खुंटांवरच्या धोक्याच्या फांद्या काढायच्या किंवा टोकाकडून आखूड करायच्या, पूर्वेकडचं वजन उतरवायचं. एका हंगामात हिरव्या पाल्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढायचं नाही, जुन्या झाडाला त्याहून कमी. आखूड करताना फांदी अशा उपफांदीपाशी कापायची की जी कापलेल्या भागाच्या निदान एक-तृतीयांश जाडीची असेल, म्हणजे ती पुढे शेंडा म्हणून काम करते. हे महाग होतं: मुंडणाच्या जवळपास तिप्पट.

शेजाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगितलं की यातल्या कुठल्याही पर्यायाने धोका शून्य होत नाही. धोका तीन गोष्टींवर ठरतो, मोडण्याची शक्यता, मोडणाऱ्या भागाचा आकार आणि खाली काय आहे. तिसरी गोष्ट फुकटात बदलता येते. गाडी आणि सायकल पावसाळाभर मागच्या बाजूला न्यायचं त्यांनी लगेच मान्य केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता.

निर्णय आणि काम

विरळणी ठरली. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज दिला, चारही बाजूंचे फोटो, पडलेल्या फांदीचा फोटो आणि शेजाऱ्यांचं संमतीपत्र जोडून. ते पत्र जोडल्याचा उपयोग झाला. निरीक्षक आले तेव्हा दोन्ही घरं एकाच बाजूला उभी होती.

कामाच्या दिवशी आणखी एक गोष्ट निघाली. वरच्या फांदीत पश्चिमेकडे कावळ्याचं घरटं, त्यात पिल्लं. काका म्हणाले, पश्चिमेला केलंय म्हणजे पाऊस बेताचा. पावसाचं काय ते असो, ती फांदी त्या दिवशी सोडली, पिल्लं उडाल्यावर बघू असं ठरलं. तिच्यामुळे वजनात फारसा फरक पडत नव्हता.

चढणाऱ्या दोघांच्या अंगावर पट्टे, डोक्यावर हेल्मेट, आणि प्रत्येकी दोन दोर, म्हणजे जागा बदलताना एक कायम बांधलेला. पायात खिळ्यांचे बूट नाहीत. जिवंत झाडाला त्याने जागोजाग भोकं पडतात. तारांच्या बाजूला काम होतं त्या दोन तासांसाठी महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेतला होता. जाड फांद्या तीन कापांत काढल्या. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, फांदी तिथे सुटते. उरलेला खुंट शेवटी कड्याच्या बाहेर. एकाच कापात वरून कापलं की फांदी पडताना खाली खोडाची सालपट सोलत नेते. काकांनी घरून बोर्डो पेस्ट आणली होती, द्राक्षाच्या सवयीने. लावू नका म्हटलं तर त्यांना राग आला. मोरचूद-चुन्याचा तो लेप बागेत आपल्या जागी ठीक आहे, पण एवढ्या मोठ्या जखमेवर लेप लावल्याने आतली कूज थांबत नाही.

संध्याकाळी झाडाकडे बघून शेजारी म्हणाले, "यात काय कापलं?" चांगल्या छाटणीवर ऐकू येणारी ही नेहमीची तक्रार. पैसे दिलेत आणि झाड झाडासारखंच दिसतंय, हे लोकांना पटत नाही.

पावसाळ्यात काय झालं

जूनच्या अखेरीस पहिल्या जोराच्या पावसात अंगणात पाणी साचलं. पेव्हर ब्लॉक एका कोपऱ्यात उचलले गेले आणि काकांनी स्वतःच ते काढायला सांगितलं. खोडाभोवती दीड हाताचा गोल खुरपीने मोकळा केला. वर वाळूचा थर, खाली मुरूम, त्याखाली काळी चिकट माती आणि तिला आंबूस वास. घराच्या बाजूची साल कोरडी, धड. रस्त्याच्या बाजूला साल हाताने सुटली. स्क्रूड्रायव्हर न ठोकता मुठीपर्यंत आत गेला. दोन मुळांची टोकं चराच्या रेषेत तुटलेली, काळी पडून लगदा झालेली.

खोडाच्या पोकळीसाठी जर्मनीच्या क्लाउस मॅथेक यांचा एक ठोकताळा वापरला जातो: धडधाकट लाकडाची भिंत त्रिज्येच्या साधारण तीन-दशांशाहून पातळ झाली की मोडण्याचा धोका वाढतो. पण तो चारी बाजूंनी बंद असलेल्या खोडासाठी. एका बाजूने उघडी कूज आणि त्याच बाजूची तुटलेली मुळं असताना त्या आकड्याचा आधार घेऊन कोणाला दिलासा देणं बरोबर नव्हतं.

ऑगस्टमध्ये शंका उरली नाही. त्याच बाजूला मुळापाशी अळंबी आली. ताटलीएवढी, वरून लाखेसारखी चकचकीत तांबूस, कडेला पांढरी, आणि आजूबाजूच्या फरशीवर कोकोसारखी तपकिरी पूड. ही गॅनोडर्मा. ती खोडाच्या तळाचं आणि मुळांचं लाकूड खाते. ती दिसायला लागते तेव्हा आत तिचं काम बरंच झालेलं असतं. काकूंनी ती सकाळी झाडताना पाहिली आणि फेकून द्यायला निघाल्या होत्या. फोटो काढून मगच फेकली, हे नशीब. पुढच्या अर्जात तोच फोटो कामी आला.

या वेळी काकूंनीच तोडायचं म्हटलं. दुसरा अर्ज, दुसरी पाहणी, रोपांच्या अटीसह परवानगी, आणि दिवाळीनंतर झाड वरून खाली तुकड्या-तुकड्याने, दोराने उतरवत काढलं. बुंध्याचा काप पाहिला तेव्हा पश्चिमेचा निम्मा भाग स्पंजासारखा होता. वरच्या जुन्या खुंटांतून उतरलेली कूज वेगळी, ती मधल्या बेचक्यापर्यंत आलेली. म्हणजे दोन दुखणी स्वतंत्रपणे चालली होती आणि मेमध्ये सगळे फक्त वरचं बघत होते.

वेगळं काय करता आलं असतं

उघड उत्तर असं की फरशी मेमध्येच काढायला हवी होती. दोन मजूर, अर्धा दिवस. कूज तेव्हाच दिसली असती आणि विरळणीचा खर्च वाचला असता. हे बरोबर आहे, पण पूर्ण नाही. मेमध्ये कूज दिसली असती तरी तोडायची परवानगी पावसाआधी हाती येईलच असं नव्हतं, आणि पूर्वेकडचं वजन न उतरवता ते झाड जून-जुलैच्या वाऱ्यात उभं राहिलं असतं. धोका निकडीचा असल्याचं अर्जात लिहून तातडीची पाहणी मागता आली असती. त्यासाठी पुरावा लागतो आणि तो फरशीखाली होता. यापुढे अशा घरी वर चढायच्या आधी बुंधा मोकळा करायची अट आम्ही घालतो. मालक तयार नसेल तर तसं अहवालात लिहून देतो.

त्याहून मोठा निर्णयाचा क्षण चर खणला जात असतानाचा. त्या सकाळी घरातून कोणी बाहेर जाऊन "जरा पलीकडून घ्या" म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं गेलं असतं, कदाचित नाही. निदान मुळं जेसीबीने ओढून फाडण्याऐवजी करवतीने साफ कापता आली असती आणि त्याच वर्षी पसारा हलका करता आला असता. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायची म्हटलेल्या तपोवनातल्या झाडांसाठी हे शहर रस्त्यावर उतरलं, ते योग्यच होतं. पण आपल्या दारातल्या झाडाची मुळं तुटत असताना आपण पेपर वाचत बसतो, तेव्हा ती बातमी नसते.

सगळ्यात आधीचा, आणि सगळ्यात स्वस्त, निर्णय 1990 च्या दशकातला. रोप पुरुषभर उंच असताना एकच सरळ शेंडा ठेवून, आडव्या फांद्या बोटाएवढ्या असतानाच निवडून काढल्या असत्या तर घरच्या कात्रीने काम झालं असतं. त्या जखमा झाड वर्षभरात मिटवतं.

नवं झाड काय लावायचं यावर काका-काकूंचं पुन्हा जुंपलं. काकांना आंबा हवा होता, काकूंना फूल. शेवटी बहावा ठरला: मध्यम वाढीचा आणि उन्हाळ्यात फुलणारा. जुन्या खड्ड्यात लावला नाही, कारण उरलेल्या मुळांत बुरशी राहते. भिंतीपासून बारा फूट आत, तारांपासून दूर. खोडाभोवती चार फुटांचा गोल उघडा ठेवला, त्यात पालापाचोळा, पण खोडाला न टेकवता. आधाराची काठी वर्षभरात काढायची आहे, नाहीतर खोड जाड व्हायचं विसरतं. बाकीची रोपं परवानगीत सांगितलेल्या जागी गेली.

शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात एक आंबा आहे. त्याच्या बुंध्याला गेल्या वर्षी त्यांनी सिमेंटचा ओटा बांधून घेतला होता, बसायला. तो त्यांनी फोडला. आत खोडाला भोक आणि भोकाखाली ताजा भुसा निघाला, म्हणजे भिरूड. तारेने अळी ओढून काढली, कीटकनाशकात भिजवलेला बोळा आत घालून भोक चिखलाने लिंपलं. महिनाभर नवा भुसा पडतो का ते बघायला सांगितलं आहे, आणि काका रोज सकाळी भिंतीवरून वाकून स्वतःच ते बघतात.